टिपिंग ट्रॉली उचलत नाही? जॅक उतरवायच्या आधी हे क्रमानं तपासा

ट्रॉली उचलेना झाली की आपल्याकडं पहिला पाना जॅकच्या, म्हणजे हौदा वर ढकलणाऱ्या सिलिंडरच्या, पिनेला लागतो. जॅक उतरवायचा, टेम्पोत घालून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नाहीतर शिरोली एमआयडीसीत न्यायचा, सील किट बदलून आणायचं आणि परत बसवायचं. एवढं करून ट्रॉली पुन्हा त्याच उंचीवर अडकते, कारण दोष जॅकमध्ये नव्हताच. तो तेलात होता, कपलरमध्ये (पाइप ट्रॅक्टरला जोडणाऱ्या जोडात) होता, नाहीतर ट्रॅक्टरच्या पंपात.

खालची पद्धत ट्रॅक्टरच्या मागच्या टॅपिंगवर (पंपाचं तेल बाहेर घ्यायच्या तोंडावर) चालणाऱ्या, एकाच पाइपच्या ट्रॉलीसाठी आहे. शेणखत, मुरूम, विटा, साखर कारखान्याची मळी (उसाच्या रसातला गाळ) वाहणाऱ्या बहुतेक ट्रॉल्या याच पद्धतीच्या. नळीत नळी बसवलेला जॅक असतो. तेल एका पाइपनं जातं आणि हौद्याच्या वजनानं त्याच पाइपनं ट्रॅक्टरमध्ये परत येतं. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण पुढचं निम्मं निदान तिच्यावरच उभं आहे.

तपासणी ट्रॅक्टरपासून सुरू करायची आणि जॅककडं सरकायचं. उलट नाही.

## तयारी

जागा सपाट आणि कडक हवी. पावसाळ्यात भिजलेल्या काळ्या रानात हौदा उचलून बघणं म्हणजे ट्रॉली आडवी करायला बोलावणं. वर बघा. महावितरणच्या तारा शेतातून, रस्त्याकडेनं कुठंही खाली झोळलेल्या असतात आणि उभा हौदा सहज तिथवर पोचतो.

ट्रॉली रिकामी करा. माल आत असेल तर फावड्यानं उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण भरलेल्या ट्रॉलीवर निदान करायला गेलात तर धड उत्तर मिळत नाही आणि धोका वाढतो तो वेगळाच.

हाताशी ठेवा: पाने, उजेडाची बॅटरी, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा, स्वच्छ सुती फडकी, काचेची पारदर्शक बाटली, चष्मा, आणि शक्य असेल तर चौरस सेंटिमीटरला २५० किलोपर्यंत दाखवणारं प्रेशर गेज टी-जोडासह. गेज स्वतःकडं नसेल तर हायड्रॉलिक पाइप बनवणाऱ्याकडं असतं.

आणि टेकू. लाकडी ओंडका चालत नाही, तो घसरतो. चॅसिसच्या खाचेत बसणारा लोखंडी चॅनेलचा टेकू ट्रॉलीलाच बिजागरीनं लावून घ्या. तो नसेल तर हौद्याखालची कुठलीच तपासणी करू नका.

सावधान : हौदा वर असताना टेकूशिवाय खाली डोकं घालायचं नाही, "फक्त बघतो" म्हणूनसुद्धा नाही. पाइप फुटला तर हौदा खाली यायला जो वेळ लागतो त्यात माणूस बाहेर पडत नाही. टेकू लावल्यावर हौदा हळू खाली सोडून टेकूवर टेकवा, इंजिन बंद करा, हायड्रॉलिकचा दांडा खाली करून पाइपातलं प्रेशर काढा, मगच वाका.

## टप्पा १ : तक्रार नेमकी काय ते ठरवा

"हायड्रॉलिक गेलंय" ही तक्रार नव्हे. मिस्त्रीला फोन करायच्या आधी रिकामी ट्रॉली एकदा उचलून बघा आणि यातलं काय होतंय ते ठरवा: अजिबात हलत नाही, अर्ध्यावर थांबते, झटके देत उचलते, वर जाते पण आपोआप खाली बसते, वर जाते पण खाली येत नाही, सकाळी उचलते, दुपारी नाही.

यातली "अर्ध्यावर थांबते" ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. एकच प्रश्न विचारा: रिकामी ट्रॉलीही त्याच उंचीवर थांबते का?

रिकामीही तिथंच थांबत असेल तर तेल कमी पडतंय, नाहीतर जॅकची एखादी नळी वाकून अडकलीय. रिकामी सरळ पूर्ण वर जाते आणि भरलेलीच अर्ध्यावर अडते, तर तेल पुरेसं आहे, प्रेशर कमी आहे किंवा माल जास्त आहे.

याचं कारण जॅकच्या रचनेत आहे. आधी सगळ्यात जाड नळी बाहेर येते, मग तिच्यातली बारीक, मग त्याहून बारीक. ताकद नळीच्या क्षेत्रफळावर ठरते. समजा पहिली नळी ११० मिलिमीटर व्यासाची आणि शेवटची ६५ ची आहे. चौरस सेंटिमीटरला १५० किलो प्रेशर धरलं तर पहिली नळी साधारण १४ टन ढकलते, शेवटची जेमतेम ५ टन. म्हणून ढकलायची ताकद वर जाताना कमीच होत जाते. तोवर माल घसरून हौदा हलका झालेला असतो, या हिशेबावरच ही रचना चालते. माल घसरलाच नाही तर हिशेब तिथंच फिसकटतो.

तपासा : ट्रॅक्टरची स्वतःची लिफ्ट रोटाव्हेटर किंवा नांगर व्यवस्थित उचलते का? बहुतेक ट्रॅक्टरांत लिफ्टला आणि टॅपिंगला तेल देणारा पंप एकच असतो. लिफ्टही रडत असेल तर ट्रॉलीकडं बघायचीच गरज नाही, टप्पा २, ३ आणि ६ वर जा. लिफ्ट दणक्यात चालत असेल तर पंप जिवंत आहे. दोष बहुधा टॅपिंगच्या पुढं.

## टप्पा २ : तेल

तेलाची पातळी बघताना हौदा पूर्ण खाली, लिफ्टचे हात खाली, ट्रॅक्टर सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. हौदा वर असताना तेलाची काडी बघितली तर पातळी कमीच दिसणार, कारण तेल जॅकमध्ये गेलंय. तशात वरून तेल ओतलं की हौदा खाली आल्यावर टाकी जादा भरते आणि तेल टाकीच्या हवेच्या नळीतून (ब्रीदरमधून) बाहेर येतं.

जॅकला किती तेल लागतं ते स्वतः काढता येतं. नळ्यांचं सरासरी क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर आणि एकूण लांबी १२० सेंटिमीटर असेल तर ७,२०० घन सेंटिमीटर, म्हणजे साधारण सव्वासात लिटर. काडीवरच्या खालच्या खुणेपाशी तेल असलेल्या ट्रॅक्टरमधून एवढं तेल बाहेर गेलं की पंपाचं तोंड उघडं पडतं, पंप किंचाळतो आणि हौदा थांबतो. नांगरटीला त्याच ट्रॅक्टरची तक्रार नसते, कारण लिफ्टला इतकं तेल लागतच नाही. म्हणून मालक शपथेवर सांगतो, "तेल बरोबर आहे."

आता रंग. थोडं तेल काचेच्या बाटलीत घ्या.

- ताकासारखं पांढुरकं: पाणी शिरलंय.
- फेस येतो आणि थोड्या वेळानं बसतो: पंपाच्या ओढीच्या बाजूनं हवा शिरतेय, किंवा पातळी कमी आहे.
- काळं, जळका वास: तेल फार तापलंय.
- तळाला चमचमणारी लोखंडाची धूळ: पंप किंवा गिअर झिजतायत.

पाण्याचा संशय असेल तर जुना तवा चांगला तापवून, गॅस बंद करून, त्यावर तेलाचा एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. तोंड लांब ठेवा आणि तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठी जे ट्रॅक्टर पाण्यात उभे होते, तशा ट्रॅक्टरचं तेल नुसतं वर भर टाकून सुधारत नाही. सगळं काढून, जाळी धुऊन, नवं भरायचं. जॅकमधलंही काढायचं, नाहीतर पहिल्या उचलीला तेच पाणी परत ट्रॅक्टरमध्ये.

इथंच भावकीतल्या ट्रॉलीचा मुद्दा येतो. ट्रॉली मागून आणली की तिच्या जॅकमधलं तेल तुमच्या ट्रॅक्टरमध्ये येतं आणि तुमचं तिच्यात जातं. चुलत्याच्या ट्रॅक्टरमध्ये गाळ असेल तर तो संध्याकाळपर्यंत तुमच्याकडं मुक्कामाला. ट्रॉली देऊ-घेऊ नका असं म्हणत नाही, गावात ते जमणारही नाही. पण कपलर पुसून जोडा आणि तेल ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ठेवा. इंजिनातलं काढलेलं जुनं तेल "तेलच आहे की" म्हणून ओतणाऱ्यांना समजावणं मी सोडून दिलंय.

तेल बदलताना ओढीची जाळी आणि फिल्टर दोन्ही बघायचे. जाळी तुंबली की पंप किंचाळतो, आणि तो आवाज थंड सकाळी जास्त येतो.

## टप्पा ३ : दांडा, पीटीओ, टॅपिंग

हे दोन मिनिटांचं काम आहे, म्हणूनच राहून जातं. काही जुन्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचा पंप पीटीओच्या (मागची यंत्रं फिरवणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. पीटीओचा दांडा न्यूट्रलला असेल तर ट्रॉली हलणारच नाही. काहींत तेल लिफ्टकडं की टॅपिंगकडं हे ठरवणारा वेगळा व्हॉल्व्ह असतो, तो अर्धवट फिरलेला असतो. ड्रायव्हर बदलला की हे हमखास घडतं.

टॅपिंग लिफ्टच्या लायनीतून घेतलेलं असेल आणि तेल लिफ्टकडंही मोकळं असेल, तर आधी लिफ्टचे हात वर जातात, मग ट्रॉली. हात वर जाताना दिसले तर उत्तर मिळालं.

## टप्पा ४ : कपलर आणि पाइप

माझं मत विचाराल तर ट्रॉलीच्या निम्म्या तक्रारी या मूठभर पितळ-लोखंडात असतात. कपलरच्या दोन्ही भागांत स्प्रिंगवरचा छोटा खिळा असतो. दोन्ही भाग पूर्ण आत बसले की ते खिळे एकमेकांना ढकलतात आणि वाट उघडते. कॉलर खटकन पुढं आली नाही, मध्ये मुरमाचा खडा राहिला, तर वाट अर्धीच उघडते. मग गंमत अशी होते की जाताना पंपाच्या जोरावर तेल जातं, येताना अडतं. हौदा वर गेला आणि खाली येईना, की पहिला संशय कपलरवर.

उन्हात उभ्या ट्रॉलीचा कपलर जोडलाच जात नाही, हीही नेहमीची तक्रार. सोडताना पाइपात थोडं प्रेशर राहिलेलं असतं, ऊन लागलं की ते वाढतं. लोक हातोडा घेतात आणि खिळा चेपतात. त्याऐवजी, हौदा पूर्ण खाली आहे हे बघून, पाइपाच्या टोकाचा नट फडकं गुंडाळून पाव आटा सैल करा. थोडं तेल झिरपेल, प्रेशर उतरेल, नट आवळा, कपलर हातानं बसेल. पुढच्या वेळी सोडायच्या आधी इंजिन बंद करून दांडा खाली-वर हलवा, म्हणजे हे होणार नाही.

पाइप वाकवून बघा. वरचं रबर तडकून आतली तार गंजलेली दिसली तर पाइप बदला, टेप गुंडाळू नका. नवा घेताना डबल वायरचा, ट्रॅक्टरच्या प्रेशरला पुरणारा घ्या. कधीकधी बाहेरून धडधाकट पाइपाचं आतलं अस्तर सुटतं आणि झापडीसारखं वागतं: एका दिशेनं तेल जातं, उलट दिशेनं झापड बंद. कपलर ठीक असूनही हौदा खाली येत नसेल तर हे आठवा.

सावधान : गळती हातानं चाचपू नका. बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीतून आत घुसते. वरून नुसता टाचणीचा ठिपका दिसतो, दुखतही नाही. पुठ्ठा लांबून फिरवा, त्यावर तेल उमटेल. कुणाला अशी धार लागलीच तर हळद लावून घरी थांबू नका, ताबडतोब कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि "प्रेशरचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट जातं, कधी हात.

## टप्पा ५ : माल आणि हौदा

हौद्याचा मागचा फाळका उघडलाय ना? हसू नका, विचारा.

ओली मळी आणि न कुजलेलं शेणखत हौद्याच्या पुढच्या भिंतीला चिकटून बसतं. मागचं पडतं, पुढचं राहतं आणि सगळा भार नेमका बारीक नळीवर येतो. मग ड्रायव्हर ट्रॅक्टर पुढं घेऊन कच्चकन ब्रेक मारतो. माल पडतो खरा, पण त्या झटक्यात नळी वाकते. हौदा खाली घ्या, चिकटलेलं फावड्यानं सुटं करा, पुन्हा उचला. भरतानाच वजन पुढं जास्त किंवा एका बाजूला होणार नाही हे बघितलं तर ही वेळ कमी येते.

मागच्या बिजागरीच्या पिना आणि जॅकच्या दोन्ही टोकांच्या पिना ग्रीस मागतात. गंजलेली पिन फिरत नाही, मग जॅक सरळ न ढकलता तिरका ढकलतो. हौदा एका अंगाला कलत वर जाताना दिसला तर आधी पिना आणि बुश बघा.

## टप्पा ६ : गेज

इथवर सगळं ठीक असेल तर आता अंदाज बंद, माप सुरू.

गेज टी-जोडानं टॅपिंगपाशी बसवा आणि ट्रॉलीचा कपलर सोडून ठेवा. तेल थोडं गरम झालेलं असू दे. इंजिन मध्यम वेगात, मिनिटाला साधारण १,५०० फेऱ्यांवर. दांडा उचलीला लावा, काटा बघा, पाच सेकंदांत दांडा सोडा. जास्त वेळ धरलं तर सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा प्रेशर सोडणाऱ्या झडपेतून) पळतं आणि तापतं. आलेला आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. बहुतेक ट्रॅक्टर १५० ते २०० किलोच्या पट्ट्यात असतात.

- प्रेशर पुरेसं आहे, तरी ट्रॉली उचलत नाही: माल जास्त, पिना जाम, किंवा नळी वाकलेली. आता जॅककडं बघायला हरकत नाही.
- प्रेशर कमी आहे, पण रेस वाढवली तरी त्याच आकड्यावर ठाम राहतं: रिलीफ व्हॉल्व्ह खाली लागलाय, त्यात कचरा आहे किंवा स्प्रिंग बसलीय.
- रेसबरोबर काटा चढतो-उतरतो, तेल गरम झालं की आणखी पडतो: पंप झिजलाय. "सकाळी उचलते, दुपारी नाही" ही तक्रार इथं येऊन मिळते. गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून मागं पळतं.

सावधान : रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून जास्त माल उचलायचा प्रयोग करू नका. त्या दिवशी ट्रॉली उचलते आणि नंतर पंपाची बॉडी, पाइप किंवा जॅकची कडी, जे कच्चं असेल ते जातं. स्क्रू फिरवायचा तर गेज लावूनच, आणि पुस्तकातल्या आकड्याच्या वर नाही.

## टप्पा ७ : आपोआप खाली बसते, किंवा खाली येतच नाही

एकाच पाइपचा जॅक आहे, त्याला दुसरी बाजू नाही. मग सील गेलं तर तेल कुठं जाणार? बाहेरच. नळीवर ओघळ, खाली थेंब, धूळ चिकटून झालेलं काळं कडं, काहीतरी दिसणारच. जॅक बाहेरून कोरडा ठणठणीत आणि तरी हौदा खाली बसतो, तर तेल पाइपातून ट्रॅक्टरमध्ये परत जातंय. दोष ट्रॅक्टरच्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये. तरीही जॅकचं सील बदललं जातं, हे मी कितीतरी ठिकाणी बघतोय.

खात्री करायची तर जॅकच्या पाइपावर हाय प्रेशरचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. रिकामा हौदा वर घ्या, टेकू उभा करा पण हौदा टेकवू नका, बोटभर फट ठेवा, व्हॉल्व्ह बंद करून बाजूला उभे राहा. आता फट तशीच राहिली तर ट्रॅक्टर दोषी, फट मिटली तर जॅक किंवा व्हॉल्व्हपर्यंतचा पाइप. नळकामाचा पितळी कॉक इथं लावायचा नाही. तो पाण्यासाठी आहे, या प्रेशरला फुटतो.

हौदा वर अडकला असेल तर आधी थोडा वर उचलता येतो का बघा, येत असेल तर टेकू लावा आणि कपलर, पाइप या क्रमानं जा. जेसीबीच्या बकेटनं वरून दाबून हौदा खाली आणणं ही सर्रास चूक. नळी वाकलेली असेल तर ती आता कायमची वाकते. जेसीबी बोलवायचाच तर साखळीनं हौदा धरून ठेवायला बोलवा.

## टप्पा ८ : जॅक खरंच उतरवायचा असेल तर

बाहेर गळती दिसली, किंवा प्रेशर पुरेसं असून नळी अडकतेय, तरच इथं या. हौदा टेकूवर, शिवाय क्रेन किंवा साखळीपुलीचा दुसरा आधार. जॅक जड असतो, पिन काढण्याआधी त्याला दोरखंडानं बांधा. पाइप सोडल्याबरोबर दोन्ही तोंडं प्लॅस्टिकच्या बुचानं बंद करा. चिंधी कोंबली तर तिचे धागे पुढं व्हॉल्व्हमध्ये सापडतात.

दुकानात जॅक खोलताना तिथं उभे राहा. नळी पुसून घ्या आणि तिच्यावरून अंगठ्याचं नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा किंवा गंजाचा खड्डा नवं सीलही कापणार. तिथं फक्त किट बदलून पैसे घालवू नका, नळीला हार्ड क्रोम करून घ्या किंवा ती बदला. प्रत्येक नळी व्ही-ब्लॉकवर फिरवून सरळ आहे का तेही बघायला सांगा. सीलची ओठाची बाजू तेलाकडं, धूळ पुसणाऱ्या रिंगची बाहेर. उलटं बसलं तर पहिल्याच उचलीला गळतं. बसवताना सील तेलात बुडवून, स्क्रूड्रायव्हरचं टोक न लावता.

हौद्याला वेल्डिंग करायचं असेल तर जॅक बसवण्याआधी उरका. नंतर करायची वेळ आली तर अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. करंट जॅकमधून गेला तर नळी आणि सील दोन्ही डागाळतात.

## टप्पा ९ : बसवल्यानंतरची चाचणी

रिकाम्या जॅकमध्ये हवा असते. इंजिन हळू ठेवून रिकामा हौदा थोडा उचला, पूर्ण खाली घ्या, मग जरा जास्त, मग पूर्ण. पहिल्या काही फेऱ्यांत झटके बसतील, हवा ट्रॅक्टरच्या टाकीत परत गेली की थांबतील. न थांबले तर जॅकच्या डोक्यावरच्या स्क्रूतून हवा काढावी लागते. ते काम टेकू लावून, मिस्त्रीकडूनच.

हौदा टोकाला पोचत आला की रेस कमी करा आणि पोचला की दांडा सोडा. शिट्टी ऐकू येईपर्यंत धरून ठेवणं म्हणजे नळीच्या थांबकड्यावर पूर्ण प्रेशरचा घाव.

आता हौदा खाली घेऊन तेलाची काडी पुन्हा बघा. नवा भरलेला जॅक काही लिटर तेल स्वतःकडं ठेवून घेतो, तेवढी भर घाला. मग अर्धा माल, मग पूर्ण. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पाइपाचे नट आणि पिनांच्या लॉकप्लेटचे बोल्ट पुन्हा आवळा. रात्री ट्रॉली उभी करताना हौदा पूर्ण खाली बसवून, कपलरच्या दोन्ही तोंडांना टोपी घालून ठेवा. टोपी हरवली असेल तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर चालतं.